टॅब घेताना स्क्रीन लहान की मोठी?



भाताची झोडणी आटोपून धान्य विकले गेले की हातात चार पैसे खेळू लागतात. घरात एखादी मोठी वस्तू घेण्याचा विचार याच दिवसांत होतो. अलीकडे या यादीत टॅबची भर पडली आहे. मुलांना अभ्यासासाठी, बचत गटाला हिशेबासाठी, घरातील वडीलधाऱ्यांना कागदपत्रे वाचण्यासाठी टॅब हवा असे आपण म्हणतो आणि मुरबाडला किंवा कल्याणला दुकानात जाऊन उभे राहतो. तिथे पहिलाच प्रश्न येतो, "लहान देऊ की मोठा?" दोघांच्या किमतीत काही हजारांचा फरक असतो. खतांचा, मजुरीचा हिशेब डोक्यात असतो. मग एक तर पैसे वाचवायचे म्हणून लहान घेतला जातो, नाही तर शोभेला म्हणून मोठा. दोन्ही कारणे चुकीची आहेत. टॅब कोणाच्या हातात आणि कोणत्या जागी वापरला जाणार, यावरून आकार ठरवावा. माळशेज आणि नाणेघाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैशाखरे परिसरातील शेतकऱ्याच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून हा विषय येथे मांडला आहे. तो शहापूर तालुक्यालाही तितकाच लागू पडतो.

इंचांचा हिशेब

टॅबची स्क्रीन इंचात सांगतात, पण तो आकडा लांबीचाही नसतो आणि रुंदीचाही नसतो. स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे ते अंतर असते. शेताचे क्षेत्र आपण कधी कर्णावरून सांगत नाही, लांबी-रुंदीचा गुणाकार करतो. स्क्रीनचेही तसेच करावे.

उदाहरणासाठी सॅमसंग कंपनीने २०२३ साली गॅलॅक्सी टॅब ए-९ या मालिकेत काढलेली जोडी घेऊ. हे उदाहरण शिफारस म्हणून दिलेले नाही. एकाच कंपनीने एकाच वेळी दोन आकार काढल्यामुळे तुलना सोपी जाते, एवढेच. लहान टॅब ८.७ इंचाचा, मोठा ११ इंचाचा. ऐकायला फरक सव्वादोन इंचांचा. प्रत्यक्षात लहानाची स्क्रीन सुमारे १९ बाय ११.३ सेंमी, म्हणजे २१५ चौरस सेंमी भरते. मोठ्याची सुमारे २३.७ बाय १४.८ सेंमी, म्हणजे ३५० चौरस सेंमी. मोठ्यावर दीडपटीहून जास्त जागा मिळते. आपल्या खिशातला साडेसहा इंचांचा मोबाइल याच मापाने सुमारे १०० चौरस सेंमी भरतो, कारण तो लांबट आणि अरुंद असतो.

इंचांच्या या फसव्या आकड्याकडे बोट दाखवणारे आपण पहिले नाही. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये सात इंची टॅबवर टीका करताना हाच मुद्दा मांडला होता. सात इंची स्क्रीन त्यांच्या आयपॅडच्या स्क्रीनच्या निम्मीही भरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की त्याच ॲपल कंपनीने २०१२ साली ७.९ इंचांचा लहान आयपॅड बाजारात आणला आणि तो खपलाही. आपल्या देशात ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी निघालेला 'आकाश' हा स्वस्त टॅबही सातच इंची होता. त्याची पुढची आवृत्ती पवईच्या आयआयटी मुंबईमार्फत पुढे नेली गेली. त्या काळी मोबाइलची स्क्रीन तीन-साडेतीन इंचांची असे, त्यामुळे सात इंच पुष्कळ वाटत. आज मोबाइलच साडेसहा इंचांचा झाला आहे. लहान टॅबने पूर्वी जे काम केले त्यातले बरेचसे आता मोबाइल करतो, हे ध्यानात घेऊनच पुढचा विचार करावा.

सातबारा स्क्रीनवर वाचणे

आपल्याकडे स्क्रीनवर सर्वांत जास्त वाचायची गोष्ट म्हणजे कागद. सातबारा, आठ-अ, फेरफार, अनुदानाचा अर्ज, बँकेचे पत्र, विद्यापीठाच्या घडीपत्रिका हे सर्व आता पीडीएफ रूपात येते आणि बहुतेक ए-४ आकाराच्या पानासाठी आखलेले असते. ए-४ पान २१ सेंमी रुंद असते. ते स्क्रीनच्या रुंदीत बसवताना आपोआप लहान होते. किती लहान होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

उभ्या धरलेल्या मोबाइलवर हे पान मूळच्या ३२ टक्के होते. लहान टॅब उभा धरला तर ५४ टक्के आणि मोठा टॅब उभा धरला तर ७० टक्के. कागदावर ३ मिलिमीटर उंचीचे अक्षर मोबाइलवर जेमतेम १ मिमी, लहान टॅबवर १.६ मिमी आणि मोठ्या टॅबवर २.१ मिमी उरते. टॅब आडवा धरला तर लहानावर पान ९० टक्के आणि मोठ्यावर ११३ टक्के, म्हणजे कागदापेक्षाही थोडे मोठे दिसते. मात्र आडव्या स्क्रीनवर पानाचा दोन पंचमांशच भाग एका वेळी दिसतो, बाकीचे बोटाने वर सरकवत पाहावे लागते.

"बोटांनी मोठे करून पाहू की," असे आपण म्हणाल. एखादी ओळ पाहायची असेल तर ते ठीक आहे. पण सातबारा हा ओळींचा नसून रकान्यांचा कागद आहे. आपल्या भागात एकेका गटावर सामाईक खात्यात दहा-पंधरा नावे असणे नवलाचे नाही. डावीकडे गट क्रमांक आणि क्षेत्र, मध्ये खातेदारांची नावे, त्यांचे क्षेत्र आणि आकार, पुढे फेरफार क्रमांक आणि इतर अधिकार. नाव मोठे करून पाहिले की त्यासमोरचे क्षेत्र स्क्रीनबाहेर जाते. क्षेत्र पाहायला सरकवले की ते कोणाच्या नावासमोरचे, हे विसरायला होते. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. ०.४०.०० आणि ०.०४.०० यांत एका शून्याच्या जागेचा फरक आहे, पण जमिनीवर तो साधारण चाळीस गुंठे आणि चार गुंठे इतका होतो. अशी चूक वेळीच दिसली तर ती दुरुस्त होऊ शकते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. पण दुरुस्तीचा अर्ज करण्यासाठी आधी चूक दिसली पाहिजे. दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी ती दिसली तर भावाभावांत काय होते, ते आपण गावोगाव पाहतोच.

तीच गोष्ट पीक नोंदीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करू लागलो. आधारभूत किमतीने भात घालताना सातबारावरील पीक नोंद पाहिली जाते. गट क्रमांक चुकला, भाताऐवजी दुसरेच पीक निवडले गेले किंवा क्षेत्र कमी पडले तर केंद्रावर वजन होण्याच्या वेळी ते कळते. नोंद केल्यावर घरी येऊन, दिव्याखाली बसून ती एकदा पूर्ण वाचून पाहणे हा यावरचा साधा उपाय आहे.

झेरॉक्सच्या दुकानातील चाचणी

आकार ठरवण्यासाठी टॅब विकत घ्यावा लागत नाही, दुकानदाराचा सल्लाही लागत नाही. आपला सातबारा घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जावे. त्याची एक प्रत ५४ टक्के आणि दुसरी ७० टक्के लहान करून मागावी. झेरॉक्स यंत्रावर हे आकडे भरता येतात. पहिली प्रत म्हणजे लहान टॅबवर दिसणारे पान, दुसरी म्हणजे मोठ्या टॅबवर दिसणारे पान. या दोन्ही प्रती घरी आणून संध्याकाळी, नेहमीच्या उजेडात, घरात जो कागद वाचतो त्याच्या हाती द्याव्यात. चाळिशी लागलेली असेल तर चष्मा लावूनच वाचावे. ५४ टक्क्यांची प्रत अडखळत वाचली जात असेल आणि ७० टक्क्यांची सरळ वाचली जात असेल, तर निकाल लागला. दोन्ही सहज वाचता येत असतील तर मोठ्या टॅबचे जादा पैसे केवळ कागद वाचण्यासाठी खर्च करू नयेत. दोन्ही वाचता येत नसतील तर टॅबआधी डोळे तपासून घ्यावेत.

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, म्हणून माणूस वस्तू लांब धरतो. मोबाइल लांब धरला की अक्षर आणखी बारीक दिसते आणि हातात काही उरत नाही. मोठा टॅब मांडीवर किंवा पाटावर हातभर अंतरावर ठेवूनही वाचता येतो. घरातील ज्येष्ठांसाठी मोठ्या आकाराचा खरा उपयोग हाच आहे.

बांधावर काय न्यावे?

आता दुसरी बाजू. वैशाखरे परिसरातील खाचरे एकसलग सपाट नाहीत. उतारावर बांध घालून केलेली खाचरे, त्यावर नाचणी-वरीची वरकस जमीन, मधून ओहोळ. आवणीच्या दिवसांत वर पाऊस, खाली चिखल, अंगावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद. अशा वेळी ११ इंची टॅब म्हणजे लोढणेच. वर सांगितलेल्या जोडीत लहान टॅबचे वजन ३३२ ग्रॅम, मोठ्याचे ४८० ग्रॅम. कव्हर घातल्यावर मोठा अर्ध्या किलोच्या पुढे जातो. वजनापेक्षाही अडचण रुंदीची आहे. लहान टॅब साडेबारा सेंमी रुंद असल्याने तो पंजात धरून दुसऱ्या हाताने बोट चालवता येते. मोठा सुमारे सतरा सेंमी रुंद आहे. तो उभ्याने वापरताना तळहातावर थाळीसारखा तोलावा लागतो आणि बांधावरून पाय घसरला की आधी तोच खाली जातो.

ओल्या बोटांनी आणि पावसाच्या थेंबांनी आजच्या स्क्रीनचा गोंधळ होतो, कारण बोटाच्या स्पर्शाने होणारा सूक्ष्म विद्युत बदल ती ओळखते आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. पातळ, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरला तर थेंबांचा त्रास कमी होतो. मोबाइल आणि लहान टॅब अशा पिशवीत मावतो. उन्हात मात्र लहान आणि मोठा दोन्ही सारखेच काळवंडतात. तिथे स्क्रीनचा उजेड महत्त्वाचा, आकार नव्हे.

तेव्हा शेतात नेण्यासाठी मोबाइल पुरेसा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिकाचा फोटो शेतात मोबाइलने काढावा आणि घरी टॅबवर पाहावा. भाताच्या पानावरील करप्याचे ठिपके दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असतात. तपकिरी ठिपक्याच्या रोगात ते लंबगोल, तिळासारखे दिसतात. हा फरक उन्हात मोबाइलवर कळत नाही, सावलीत मोठ्या स्क्रीनवर कळतो. मात्र फोटो अस्पष्ट असेल तर मोठ्या स्क्रीनवर अस्पष्टपणाच मोठा दिसतो, हे विसरू नये.

लहान टॅब कोणाला सोयीचा? ज्यांना रोज फिरत काम करायचे आहे त्यांना. घरोघर जाऊन माहिती भरणाऱ्या कृषी सखी, पशु सखी, दूध संकलनाची नोंद ठेवणारा, भेंडी-काकडीची तोडणी होताना बांधावरच क्रेटचा हिशेब मांडणारा. यांच्या पिशवीत टॅब दिवसभर राहतो आणि तासातून चार वेळा बाहेर निघतो. त्यांनी मोठ्याच्या मोहात पडू नये. बाकीच्यांच्या खिशात साडेसहा इंचांचा मोबाइल आधीच आहे. त्यांनी घ्यायचाच असेल तर मोठा टॅब घ्यावा, नाही तर घेऊच नये. मोबाइल असताना लहान टॅब घेणे म्हणजे घरात पावशेर असताना पुन्हा अर्धा शेर आणण्यासारखे आहे. मापायचे असते पायलीने.

मुलांसाठी आणि गटासाठी

शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. शिक्षक संदीप गुंड यांनी तेथे केलेले प्रयोग पाहायला दूरदूरचे शिक्षक येऊन गेले. आदिवासी भागातील लहान शाळेत हे घडले, याचे महत्त्व मोठे आहे. तेथील एक गोष्ट आपल्या घरालाही लागू पडते: सर्वांनी मिळून पाहायचे ते मोठ्या पडद्यावर आणि एकेकट्याने करायचे ते हातातल्या टॅबवर. एकाच वस्तूकडून दोन्ही कामांची अपेक्षा करू नये.

अभ्यासाला मोठा टॅब चांगला. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मिळतात आणि मोठ्या टॅबवर अख्खे पान वाचता येते. टॅब आडवा धरून स्क्रीनचे दोन भाग केले तर एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला वही उघडता येते. मोठ्याच्या अर्ध्या भागाची रुंदी पावणेबारा सेंमी, म्हणजे मोबाइलच्या रुंदीच्या पावणेदोनपट. मराठीत टंकलेखन करताना कळफलक वर येतो आणि आडव्या स्क्रीनचा निम्मा भाग व्यापतो. लहान टॅबवर मग लिहिलेल्या मजकुराच्या दोन-चार ओळीच दिसतात. अर्ज, निबंध, गटाचे इतिवृत्त लिहिणाऱ्याला हा जाच लवकर जाणवतो.

बचत गटांचा मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंधरा महिलांच्या बैठकीत माहितीपट दाखवायचा म्हणून गट मोठा टॅब घेतात. सभागृहात पडदा टांगताना एक जुना आडाखा वापरतात, तो असा की चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत नीट दिसते. ११ इंची टॅबवर चित्राची उंची सुमारे १३ सेंमी येते, म्हणजे ऐंशी सेंमीपर्यंत नीट दिसेल. लहान टॅबवर हे अंतर चौसष्ट सेंमी. तेवढ्या अंतरात फार तर तिघी-चौघी बसू शकतात, मागच्यांना फक्त आवाज ऐकू येतो. याउलट ३२ इंची टीव्हीवर चित्र ४० सेंमी उंच असते आणि ते सुमारे अडीच मीटरपर्यंत चांगले दिसते. गावात कोणाकडे स्मार्ट टीव्ही असेल तर मोबाइलवरचे चित्र त्यावर दाखवता येते. गटाने टॅब हिशेबासाठी घ्यावा, बैठकीत दाखवण्यासाठी घेऊ नये.

आकाराबरोबर पाहायच्या गोष्टी

मोठी स्क्रीन स्वस्तात मिळते आहे असे दिसले तर ठिपक्यांची संख्या विचारावी. स्क्रीनवरचे अक्षर बारीक ठिपक्यांनी बनते. १० इंची स्क्रीनवर १२८० बाय ८०० ठिपके असतील तर दर इंचाला सुमारे १५० ठिपके येतात आणि मराठीतील जोडाक्षरे, रफार, अनुस्वार कडेला फुटल्यासारखे दिसतात. ८ इंची स्क्रीनवर तेवढेच ठिपके दाट बसतात, दर इंचाला सुमारे १९०, आणि अक्षर रेखीव दिसते. म्हणून दहा-अकरा इंची टॅब घेताना १९२० बाय १२०० पेक्षा कमी ठिपक्यांचा घेऊ नये. रोपे विरळ लावून खाचर मोठे केल्यासारखे ते होईल.

बॅटरीबाबत सांगायचे तर, वरच्या जोडीत लहानात ५१०० आणि मोठ्यात ७०४० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी आहे. बॅटरी चाळीस टक्क्यांच्या आत वाढली, स्क्रीन मात्र साठ टक्क्यांहून जास्त. मोठा टॅब जास्त वेळ चालेल असे गृहीत धरू नये. रॅम ४ जीबीपेक्षा कमी नको.

सिम कार्डाची सोय असलेला टॅब महाग पडतो. घरात मोबाइल असेल तर त्याच्या हॉटस्पॉटवर बिनसिमचा टॅब चालतो. त्यातून वाचलेले पैसे स्क्रीनवर घालणे अधिक शहाणपणाचे. मात्र बिनसिमच्या काही टॅबमध्ये जागा दाखवणारी जीपीएसची सोय नसते, त्यामुळे गटाच्या हद्दीत उभे राहून करायच्या नोंदी त्यावर होणार नाहीत. फिरतीच्या कामासाठी घेणाऱ्यांनी सिम आणि जीपीएस दोन्ही आहे, हे आधी विचारून घ्यावे.

दुकानात जाताना आपल्या सातबाराची पीडीएफ मोबाइलमध्ये आणि तिची छापील प्रत पिशवीत न्यावी. दुकानदार नाचगाण्याचा रंगीत व्हिडिओ लावून देईल, त्यावर सर्वच टॅब चांगले दिसतात. आपली पीडीएफ त्यावर उघडायला सांगावी, छापील प्रत शेजारी धरावी आणि खातेदारांची नावे वरपासून खालपर्यंत वाचावीत. घरात जो वाचणार आहे त्यालाच सोबत न्यावे, मग ती आई असो वा आजोबा. नंतर तोच टॅब दुकानाच्या पायरीवर उजेडात नेऊन पुन्हा वाचावा. पावती आपल्या किंवा गटाच्या नावाने घ्यावी आणि दुरुस्तीचे केंद्र मुरबाडला आहे की कल्याणला जावे लागेल, हे पैसे देण्याआधी विचारून ठेवावे.